दारू सोडणाऱ्याचे दिवस कोण मोजतो?

माझे मामू कशाने गेले, असे कुणी विचारले की आमच्या घरात एक ठरलेले उत्तर होते. पोटाच्या आजाराने. हे उत्तर नानीने ठरवले, अम्मीने पाठ केले आणि आम्ही मुलांनी पुढे चालवले. खरे उत्तर सांगायला मला तीस वर्षे लागली. आज ते सांगून मगच इतिहासाकडे वळतो.

मामू ट्रक चालवत. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा त्यांचा रस्ता. आधी थंडीसाठी, मग झोपेसाठी आणि शेवटी हात थरथरू नये म्हणून सकाळी उठल्या उठल्या, असे त्यांचे पिणे वाढत गेले. मुसलमानाच्या घरात दारू हराम. त्यामुळे ‘आपल्यात कुणी पीत नाही’ हे वाक्य आम्ही इतक्या ठामपणे म्हणायचो की जो पीत होता, तो घरात असूनही नसल्यासारखा झाला. जो रोगीच नाही, त्याला डॉक्टरकडे कोण नेणार? नानी त्यांना मंगरूळपीरच्या दर्ग्यावर घेऊन गेली, मन्नत मानली, गळ्यात तावीज बांधला. मामूंनीही मनावर घेतले. १९९२ च्या मार्चमध्ये रमजानचा चाँद दिसला आणि त्यांनी तौबा केली. त्या रात्रीपासून एक थेंबही घेतला नाही. घरात ईद असल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी हातापायाला कंप सुटला. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवरून किडे उतरताना दिसू लागले. घामाने अंथरूण भिजले. रस्त्यात एक बैल आडवा आला आहे, ब्रेक लागत नाही, असे ते ओरडू लागले. नानी म्हणाली, ‘हवा लगी इसको.’ ते बाहेर पळतील आणि गल्लीला कळेल, या भीतीने खोलीला बाहेरून कडी लावली. ती कडी मी लावली होती. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पहाटे सेहरीच्या वेळी आतून आवाज येईनासा झाला. त्यांना झटके येऊन गेले होते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे संपले होते.

पुढे कित्येक वर्षांनी एका मानसोपचार तज्ज्ञांशी बोलताना कळले, की त्या भासांचे वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि त्यावर औषधही आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, ताप चढतो, आणि वेळेवर उपचार नसतील तर माणूस दगावतोही. डॉक्टर अशा वेळी मेंदूला शांत करणाऱ्या गोळ्या हळूहळू कमी करत देतात, ब-१ जीवनसत्त्व टोचतात आणि आठवडाभर नजर ठेवतात. मामूंची तौबा खरी होती. कमी पडली ती आमची माहिती.

तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागला. (व्यसनच म्हणा हवे तर.) माणसे दारू कशी सोडत, त्यांना कोण सोडवत असे, याची पाने मी मिळतील तिथून वाचत गेलो. त्या वाचनात मला एक गोष्ट वारंवार भेटली. ती म्हणजे फौज. व्यसनाच्या उपचारांचा इतिहास शोधायला गेले की शिपाई कुठे ना कुठे उभा असतोच.

आपल्या वाशिमपासूनच सुरुवात करू. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. या फौजेची एक छावणी हिंगोलीला होती आणि अकोल्याहून तिकडे जाणारा रस्ता आपल्या वाशिमवरून, तेव्हाच्या बासिमवरून, जाई. मामूंच्या ट्रकचा रस्ता तोच. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानी सैन्यात मिसळली आणि हिंगोलीची छावणी उठली.

त्या काळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींत दारूने थैमान घातले होते. लढाई रोज नसते, उन्हाळा मात्र रोज असतो. बराकीत पडून राहिलेला गोरा शिपाई रम पीत राही आणि तापाइतकाच दारूनेही इस्पितळात जाई. १८६२ मध्ये आग्र्याला जॉन गेल्सन ग्रेगसन नावाच्या बाप्टिस्ट मिशनऱ्याने शिपायांची संपूर्ण दारूत्याग संस्था काढली. पुढे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्‌स यांनी १८८८ मध्ये अशा निरनिराळ्या संस्था एकत्र करून आर्मी टेम्परन्स असोसिएशन स्थापन केले. त्यांच्या उपचारात औषध नव्हतेच. शपथ होती, चहा-कॉफी मिळणारी बैठकीची खोली होती, खेळ आणि वाचन होते. आणि पदके होती. सहा महिने न प्यायल्याचे एक, वर्षाचे दुसरे, पुढच्या वर्षांची आणखी. लढाईत शौर्य गाजवल्याचे पदक आपल्याला माहीत असते. न प्यायल्याचे पदक छातीवर लावणारे शिपाईही या देशात होऊन गेले, हे वाचून मी थबकलो होतो. त्या पदकात चांदी किती होती हे महत्त्वाचे नाही. कुणीतरी त्या शिपायाचे दिवस मोजत होते.

देशी शिपायांसाठी मात्र असा विचार क्वचितच झाला. त्यांचे नाव निघाले ते चौकशीच्या निमित्ताने. १८९३-९४ मध्ये गांजा, भांग आणि चरस यांची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. त्याने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या, देशी पलटणींच्या अधिकाऱ्यांनाही प्रश्न पाठवले आणि त्यांची उत्तरे वेगळ्या खंडात छापली. त्या अहवालातला मला भावलेला भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. तिथल्या नोंदवह्यांत रोग्यापुढे वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ असे सर्रास लिहिलेले असे. आयोगाने एकेक नोंद तपासली, तेव्हा दिसले की पुष्कळ ठिकाणी ते कारण पोलिसाने किंवा कारकुनाने ऐकीव माहितीवर भरून टाकले होते. आमच्या घरातल्या ‘पोटाच्या आजारा’ची ही उलटी बाजू म्हणायची. तिथे नसलेले कारण लिहिले जाई, आम्ही असलेले लपवले.

मग गावातल्या माणसाचे काय? त्याच्यासाठी वारकऱ्यांची माळ होती. एकदा तुळशीची माळ गळ्यात आली की दारू आणि मटण सुटले, आणि सगळे गाव त्या माळेकडे बघत असल्याने मोडायची हिंमतही होत नसे. त्याच्यासाठी दर्ग्यावरची मन्नत होती. आणि या आपल्या भागात गाडगेबाबांचे कीर्तन होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायीच लयाला गेले होते. म्हणून बाबा दारूवर बोलत तेव्हा तो उपदेश वाटत नसे, घरचेच दुःख बोले. १९५६ मध्ये जाईपर्यंत त्यांनी ते सोडले नाही. माळ असो, मन्नत असो की कीर्तन, मी यातल्या कशाचीही थट्टा करणार नाही. यांनी कितीतरी घरे वाचवली आहेत. फक्त एवढेच, की ज्याचे शरीर दारूवर टेकले आहे त्याचे पहिले चार दिवस माळेच्या किंवा तावीजाच्या भरवशावर ठेवता येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. (आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता, हा कायदा विदर्भाला लागू झाला १९५९ मध्ये.) त्यात फौजेच्या मेस आणि कॅन्टीनना सवलत ठेवली होती. बलसारा नावाच्या एका मुंबईकराने न्यायालयात प्रश्न टाकला, की मला बंदी आणि शिपायाला मोकळीक, ही कसली समानता? मुंबई उच्च न्यायालयाला त्यांचे म्हणणे पटले. पण सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ च्या निकालात ही सवलत वैध ठरवली. न्यायमूर्ती फझल अली यांच्या निकालाचा आशय असा, की सैन्याची राहणी आणि परंपरा निराळ्या आहेत, त्यांना स्वतःचे नियम आहेत आणि धोक्याला तोंड देणाऱ्यांचे मनोधैर्य टिकवायचे असते. कायदा म्हणून हे तर्काला धरून आहे. पण मला वाटते, त्या नियमांच्या कुंपणातून शिपाई एक दिवस बाहेर पडतो, हे त्या वेळी कुणाच्या डोळ्यांपुढे नसावे. पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन तो गावी येतो. कॅन्टीनचे कार्ड सोबत येते. कुंपण मागेच राहते.

इथे मला माझा एक वर्गमित्र आठवतो. गावात त्याला सगळे फौजीच म्हणतात, मीही तेच म्हणेन. १९८८ मध्ये तो भरती झाला. बर्फातल्या चौक्यांवर त्याने दोन हिवाळे काढले. नोकरीतच त्याचे पिणे हाताबाहेर गेले आणि एका सकाळी तो हजेरीला उभा राहू शकला नाही. फौजेने काय केले, हे त्याच्याच तोंडून ऐकण्यासारखे आहे. त्याला फौजेच्या इस्पितळात मानसोपचार विभागात दाखल केले, अंगातली दारू औषधाच्या आधाराने उतरवली, समुपदेशन केले. मग वैद्यकीय श्रेणी खाली आणून त्याला निरीक्षणाखाली ठेवले. ठरावीक महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि दर वेळी त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी अहवाल. पितो का? कामावर येतो का? कुणाशी भांडतो का? ‘लय राग ये बे शायर,’ तो मला सांगतो, ‘बढती अडकली. पण रोज सकाळी कोनीतरी माह्या तोंडाकडं पाहे. म्हून सुटली.’

श्रेणी पूर्ववत झाली, पुढची सहा वर्षे त्याने दारूला हात लावला नाही. २००५ मध्ये तो निवृत्त झाला. गावात हारतुरे झाले. आणि वर्षाच्या आत तो पुन्हा प्यायला लागला. कॅन्टीनची बाटली आधी पाहुण्यांसाठी आली, मग त्याच्यासाठी, आणि महिन्याचा कोटा संपला की भट्टीवरचा पव्वा. सकाळी तोंडाकडे बघणारे कुणी उरले नव्हते.

यावर अमेरिकेतला एक दाखला आठवतो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी शिपायांत हेरॉइनचे व्यसन पसरले, तेव्हा १९७१ मध्ये परतीच्या विमानात बसण्याआधी प्रत्येकाची लघवी तपासायची, दोषी आढळला तर आधी उपचार आणि मगच घर, असा नियम झाला. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी या शिपायांचा घरापर्यंत माग काढला. पाचातला एक जण तिकडे व्यसनाधीन झाल्याचे त्यांना आढळले. पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतल्या शंभरातले पाचच जण पुन्हा व्यसनात अडकले. सगळ्यांना वाटले होते त्याच्या हे अगदी उलट. मुक्काम बदलला, संगत बदलली, आठवण करून देणाऱ्या वस्तू बदलल्या आणि पुष्कळांची सवयही गळून पडली. आमच्या फौजीचे गणित नेमके उलटे पडले. त्याची शिस्त तिकडे होती आणि दारू घरी वाट बघत होती.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही जगभर पसरलेली चळवळ ज्याने सुरू केली, तो बिल विल्सनही मूळचा फौजी. पहिल्या महायुद्धात अधिकारी असताना त्याने पहिला पेला घेतला. १९३५ मध्ये ॲक्रन गावी त्याला डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघेही दारुडे. एका दारुड्याने दुसऱ्याशी बोलत राहिले तर दोघेही कोरडे राहतात, हा त्यांचा शोध. १९५७ मध्ये ही चळवळ भारतात आली आणि आज मराठीतही तिच्या सभा भरतात. फी नाही, आडनाव नाही. तिथेही दिवस मोजतात आणि वर्ष पुरे झाले की वाढदिवस करतात. ग्रेगसनची पदके मला इथे पुन्हा दिसली.

औषधाची बाजूही थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातून घरोघर घोटाळे होतात. डायसल्फिराम या औषधाचा गुण १९४७-४८ च्या सुमारास कोपनहेगनच्या हाल्ड आणि याकोबसेन या संशोधकांच्या ध्यानात आला. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. रोग्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली ते उपयोगी आहे. पण आपल्याकडे बायका-आया ते कुणाकडून तरी आणून भाजीत, चहात गुपचूप कालवतात. नकळत औषध पोटात गेलेला माणूस वर भरपूर प्यायला, तर त्याचा रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. हे करू नका, एवढे हात जोडून सांगतो.

महाराष्ट्रात या उपचाराला घरपण दिले ते पुण्याच्या मुक्तांगणने. मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ मध्येच कृपा फाउंडेशन सुरू केले होते. गर्दच्या व्यसनात सापडलेल्या मुलांवर अनिल अवचटांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात मुक्तांगण सुरू झाले. तिथला निवासी उपचार पस्तीस दिवसांचा. बरे झालेले रुग्णमित्रच पुढे कार्यकर्ते होतात. बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, कारण नवऱ्याबरोबर बायकोही आजारी पडलेली असते. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गावोगावची पाठपुरावा केंद्रे. पस्तीस दिवसांनी माणूस घरी गेल्यावर तिथे कुणीतरी त्याला विचारते. डॉ. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. विचारणे चालू आहे.

फौजी २०११ मध्ये एका व्यसनमुक्ती केंद्रात गेला. बायकोने दागिने गहाण ठेवले होते आणि मुलगी त्याच्याशी बोलत नव्हती. निवृत्त सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. त्याला ती ठाऊक होती, पण तिथल्या खिडकीवर जाऊन दारूचे नाव घ्यायची लाज वाटली. या लाजेला मी एकट्या फौजीला दोष देत नाही. सैनिकी अपंगत्व-वेतनाच्या २००८ च्या नियमांत म्हटले होते, की दारू, तंबाखू वा अमली पदार्थांच्या अतिसेवनाने आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण ती माणसाच्या स्वतःच्या ताब्यातली बाब आहे. आणि आपल्याच संसदेने २०१७ मध्ये केलेला मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, की दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था हा मानसिक आजारच. एकाच देशाची ही दोन वाक्ये मी एकापुढे एक ठेवून वाचतो तेव्हा मामू आठवतात. तिसऱ्या रात्री त्यांच्या ताब्यात काय होते?

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दिसले, की दारूवर अवलंबून झालेल्या अडतीस माणसांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. बाकीच्या सदतीसांच्या घरी कदाचित पोटाचा आजारच असेल. आज वाटा पूर्वीपेक्षा अधिक आहेत. जिल्हा रुग्णालयांतून मानसोपचाराची सोय झाली आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत दूरध्वनी आहे, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी २०२२ पासून टेलिमानस, १४४१६. सैनिकांसाठी टेलिमानसचा खास कक्ष २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. घरातला माणूस उद्यापासून सोडतो म्हणाला, तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या, मग मन्नत माना, माळ घाला, जे पटेल ते करा. दार मात्र बाहेरून लावू नका.

फौजीने आता बारा-तेरा वर्षे दारूला हात लावलेला नाही. सकाळी फिरायला निघतो आणि गावातल्या सहा-सात घरांपुढे थांबून हाक मारतो. आत दारू सोडू बघणारा कुणी ना कुणी असतो. ‘किती झाले बे?’ एवढेच विचारतो. उत्तर खिशातल्या वहीत लिहितो. कुणाचे चारशे, कुणाचे अकरा, कुणाचे पुन्हा एक. पुन्हा एक झालेल्याला तो रागावत नाही, फक्त नवी ओळ आखतो.

मागच्या रमजानात इफ्तारीनंतर तो आमच्याकडे शीरखुर्मा मागायला आला. ईद अजून आठ दिवस लांब होती, पण त्याला धीर नव्हता. त्या रात्री मी पहिल्यांदा अम्मीसमोर, मोठ्याने, मामू कसे गेले ते त्याला सांगितले. कडीसुद्धा. अम्मी ऐंशीच्या पुढची. तिने मला थांबवले नाही. फौजी बराच वेळ गप्प होता. मग त्याने वही काढली.

‘तुह्या मामूचे किती झाले होते?’

‘तीन,’ मी म्हणालो.

त्याने मामूंचे पूर्ण नाव विचारून घेतले आणि पुढे तीनचा आकडा घातला. अम्मीने वही हातात घेऊन ती ओळ बघितली. तिला मराठी वाचता येत नाही. नाव कुठे संपते आणि आकडा कुठे आहे, ते तिने मला बोट ठेवून दाखवायला लावले.